सातवा लागलाय. बाळंतपणाच्या क्लासला नक्की जायचं कुणी?

पोवईनाका

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिला सातवा लागलाय, पहिलीच वेळ. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर एक पत्रक हाती लागलं. 'प्रसूतीपूर्व मार्गदर्शन वर्ग, चार रविवार, सकाळी १० ते १२.३०, जोडप्याला ५,५०० रुपये.' शिकवणार एक फिजिओथेरपिस्ट बाई. त्याच संध्याकाळी बायकोच्या मैत्रिणीने दुसरंच काहीतरी पाठवलं. ऑनलाइन गर्भसंस्कार, १५,००० रुपये, रोज पहाटे साडेपाचला सुरुवात, आणि बाळ 'तेजस्वी, गौरवर्ण, कुशाग्र' होणार याची हमी. हमी म्हटलं की आमच्या धंद्यात मी आधी बिल मागतो, म्हणून तिथे जरा थांबलोय.

घरात यावरून दोन तट पडलेत. आई म्हणते, "मला तिघं झाली, कुठला क्लास लावला होता?" बायकोला जायचंय, पण एकटीला नाही जायचं. बाकीच्या नवऱ्यांना घेऊन येतील आणि आपण एकट्या बसू, हे तिला नको आहे. मी जायला तयार आहे. रविवारी दुकानात गिऱ्हाईक जास्त असतं, पण ते बघू.

माझी अडचण वेगळीच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, कराडला. आठवा संपता संपता ती तिकडे जाणार. सातारा ते कराड पन्नासेक किलोमीटर. म्हणजे होणार काय, तर रात्री कधीतरी फोन येणार, मी गाडी काढणार, आणि ज्या वेळी तिला माझी गरज त्या वेळी मी तासवड्याच्या टोलवर. तिच्याजवळ असणार सासूबाई. डॉक्टर तिथले वेगळे, दवाखाना वेगळा. मग इथे साताऱ्यात चार रविवार बसून मी शिकलेलं तिकडे पोचणार कसं? लेबर रूममध्ये मला घेतील का हेही माहीत नाही.

गेलेल्यांनी सांगा, खरंच काही हाती लागतं का? की पाच हजारांची गादी घ्यावी आणि गप्प बसावं? पुढच्या शनिवारी डोहाळजेवण आहे, त्याच्या आत ठरवायचंय. आईने अख्खी गल्ली बोलावली आहे. तिथे हा विषय निघाला तर प्रत्येक बाईचं वेगळं मत ऐकावं लागेल.

मीरा_कोथरूड

दादा, आम्ही दोघं गेलो होतो, पुण्यात. माझं शेवटी सिझर झालं, त्यामुळे 'क्लास फुकट गेला' असं म्हणणारे नातेवाईक भरपूर भेटले. मला तसं वाटत नाही. पण क्लास अगदी उत्तम होता असंही नाही, म्हणून दोन्ही बाजू लिहिते.

बाहुलीला आंघोळ घालणं, लंगोट बांधणं, मोठ्या चेंडूवर बसून डोलणं, हे सगळं झालं. मजा येते. नवरे बाहुलीला जसं धरतात ते बघून तर फारच. पण मला खरा उपयोग झाला तो प्रश्नांचा. म्हणजे डॉक्टरांना काय विचारायचं हे त्या बाईंनी शिकवलं. कळा आणायला सलाईन लावणार असाल तर कधी आणि का? खालून छेद घेणं तुमच्याकडे सरसकट आहे की गरज पडली तरच? (सरसकट घेऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, हे मला तिथेच कळलं.) नाळ कापायच्या आधी निदान एक मिनिट थांबता का? भूल देणारे डॉक्टर रात्री दवाखान्यात असतात की बोलावून आणावे लागतात? हा शेवटचा प्रश्न ऐकून आमच्या डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं होतं. पण उत्तर सरळ दिलं. 'पेनलेस' (कमरेत सुई देऊन कळा बधिर करणं) म्हणून ज्याची पाटी बाहेर लावलेली असते त्याचं सगळं गणित या एका प्रश्नावर असतं. भूलतज्ज्ञ अर्ध्या तासात आला नाही तर पाटी काय कामाची?

आता राग. देशात पाच बाळंतपणांतलं एक सिझर होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २१.५ टक्के, आणि खाजगी दवाखान्यांत तर ४७.४ टक्के, म्हणजे जवळपास निम्मी. आणि आमच्या वर्गात सिझरला मिळाली शेवटची पंधरा मिनिटं, तीही 'हे तुमच्यापैकी कुणाला लागणार नाही' अशा थाटात. कमरेत सुई देताना कसं बसायचं, शस्त्रक्रियेनंतर उठताना आधी कुशीवर वळून मग हाताच्या जोरावर उठायचं, टाक्यांवर वजन न येता बाळाला काखेखालून धरून कसं पाजायचं, खोकला आला तर पोटाशी उशी दाबून धरायची, हे सगळं मला वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं. तुम्ही गेलात तर पहिल्याच रविवारी त्या बाईंना सांगा, सिझरला एक अख्खा तास द्या.

आणि एक रविवार आमच्याकडे नाळेतलं रक्त साठवणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने खाल्ला. चहा-सामोसे त्यांचेच. बाळाला पुढे काही आजार झाला तर हे रक्त कामी येईल, आत्ता पैसे नाही भरले तर संधी गेली, असं बोलून घाबरवतात. माझा नवरा चेकबुक काढायच्या बेतात होता. घरी येऊन शोधलं तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की स्वतःच्या भविष्यातल्या वापरासाठी असं रक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही. त्यामुळे फी भरायच्या आधी एवढं विचारा, की वर्गाला कुणी प्रायोजक आहे का.

नवऱ्याने यावं का? यावं. सिझरच्या वेळी तो बाहेरच होता, पण कागदावर सही करताना तो काय वाचतोय हे त्याला कळत होतं. आणि बाळ बाहेर आल्यावर 'टाके घालेपर्यंत आईच्या छातीवर देता का' हे त्याने आधीच बोलून ठेवलं होतं. दिलं त्यांनी.

अण्णा_६१

आमची आई ज्वारी काढता काढता शेतात बाळंत झाली, माझ्याच वेळी. संध्याकाळी मला ओच्यात घेऊन घरी आली. आता श्वास कसा घ्यायचा याचे ५,५०० रुपये. उद्या झोपायचा क्लास निघेल. पैसे बाळाच्या नावाने पोस्टात टाका.

निवृत्त_सिस्टर

पोवईनाका, तुम्ही माझ्या धाकट्याच्या वयाचे असाल, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. माझी नोकरी सरकारी. आधी ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा. बहुतेक सगळी लेबर रूममध्येच गेली आणि रात्रपाळ्या वाट्याला जास्त आल्या.

आधी अण्णांचं. अण्णा, शेतात बाळंत होऊन चालत घरी आलेल्या बायकांच्या गोष्टी आपण ऐकतो, कारण त्या घरी आल्या. ज्या आल्या नाहीत त्यांच्या गोष्टी कोण सांगणार? १९९७-९८ साली आपल्या देशात लाख जन्मांमागे ३९८ आया दगावत होत्या. २०१८-२० मध्ये तो आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३ वर. हे क्लासमुळे झालं असं मी म्हणणार नाही. दवाखाना, रक्ताची पिशवी आणि वेळेत मिळालेली गाडी यांनी ते झालं. पण वेळेत निघायचं तर कधी निघायचं हे घरातल्या कुणाला तरी कळायला हवं, आणि ते आपोआप कळत नाही.

आता तुमचा प्रश्न. क्लासला कुणी जायचं? माझं स्पष्ट मत, तुमच्या सासूबाईंनी. तुम्हीही जा, बायकोला तर जायचंच आहे. पण त्या फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारा, की चारातल्या निदान दोन रविवारी सासूबाईंना बसू द्याल का.

कारण सांगते. पोरगी आत टेबलावर असते, ती बऱ्यापैकी धीराने घेत असते. आणि तिची आई दर दहा मिनिटांनी आत डोकावून म्हणते, "सिस्टर, पोरीचे हाल बघवत नाहीत, करून टाका की सिझर." माया असते, दुसरं काही नाही. पण आईचा चेहरा बघून पोरीचा धीर सुटतो. मग जावयाला फोन जातो, तो तिकडून डॉक्टरांवर चिडतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की बाहेरच्या पायांच्या आवाजावरून मला कळायचं, आता कोण येतंय आणि काय म्हणणार. पहिलटकरणीला गर्भपिशवीचं तोंड उघडायला अख्खी रात्रही लागू शकते, हे त्या आईला आधी कुणी सांगितलंच नसतं. तिची स्वतःची बाळंतपणं तिला आठवतात ती अर्धवट, आणि तेव्हा तिला तरी कुणी काय समजावलं होतं?

आम्ही शिकलो तेव्हा ४ सेंटीमीटर उघडलं की 'आता खरी वेळ सुरू' असं धरायचो. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटना ५ सेंटीमीटर धरते, आणि तिथून पुढेसुद्धा पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो असं सांगते. त्याच्या आधीचा जो काळ, दुखतंय-थांबतंय-पुन्हा दुखतंय, त्याला तर मर्यादाच नाही. तो काळ बाईने शक्यतो घरी काढावा. चालावं, थोडं खावं, कोमट पाण्याने आंघोळ करावी. फार लवकर दाखल झालं की सगळेच घड्याळाकडे बघत बसतात आणि मग सलाईन लागतं.

दवाखान्यात निघायचं कधी? कळा दर पाच मिनिटांनी, प्रत्येक कळ मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललेलं. हा साधारण हिशेब. तुमच्या कराडच्या डॉक्टरांना विचारून घ्या, घरापासून अंतर किती त्याप्रमाणे ते कमी-जास्त सांगतील. पण काही गोष्टींना हा हिशेब लागू नाही, तिथे घड्याळ न बघता निघायचं. अंगावरून पाणी गेलं तर, कळा असोत-नसोत. स्वच्छ पांढरं कापड लावून रंग बघायचा, हिरवट-काळपट असेल तर आणखी घाई. लाल रक्त गेलं तर. डोकं जबर दुखून डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा छातीखाली दुखलं तर, तो रक्तदाब असू शकतो. ३७ आठवडे भरायच्या आत कळा आल्या तर. आणि बाळाचं हलणं मंदावलं तर. जेवून डाव्या कुशीवर पडायचं आणि मोजायचं, दोन तासांत दहा वेळा हललं नाही तर फोन नाही, थेट दवाखाना. या ओळी वहीच्या पानावर लिहून सासूबाईंच्या फ्रिजवर लावा.

श्वासाचं एवढं स्तोम नको. ते 'हा-हा-हू' सिनेमात दाखवतात ते लमाझ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांच्या पद्धतीतून आलं. ते १९५१ साली रशियात जाऊन तिथली पद्धत बघून आले होते. आता तेच नाव लावणारे शिक्षकसुद्धा ठरावीक ठेक्याचा आग्रह धरत नाहीत. नाकाने घ्या, तोंडाने लांब सोडा, कळ आली की खांदे आणि जबडा सैल सोडा. पुरे. पण हे ज्या क्षणी करायचं त्या क्षणी बाईला काही आठवत नाही. शेजारी उभं राहून कुणीतरी म्हणावं लागतं, "सोड, सोड, लांब सोड." क्लास असतो तो या शेजारच्या माणसासाठी.

त्या माणसाची बाकीची कामंही हाताची आहेत, तोंडाची नाहीत. कळ आली की माकडहाडाच्या वर तळव्याच्या टाचेने दाब द्यायचा, कळ गेली की सोडायचा. घोट घोट पाणी द्यायचं. दर दोनेक तासांनी लघवीला उठवायचं, भरलेली लघवीची पिशवी बाळाची वाट अडवते. उताणं पडून राहू द्यायचं नाही. भिंतीला टेकून, खांद्यावर ओणवं होऊन, कुशीवर, जसं तिला बरं वाटेल तसं. दाब द्यायला मात्र तुमचा हात बरा, आईची मनगटं तासाभरात भरून येतात. म्हणून तुम्हीही शिका. पहिलटकरणीला बहुतेक वेळा एवढा अवकाश असतो की साताऱ्याहून निघालेला माणूस पोचतो. वेगात गाडी मारू नका.

आत घेतील का, हे दवाखान्यावर आहे. सरकारी दवाखान्यात बाईसोबत कुणीतरी असावं असं केंद्राने २०१६ सालीच सांगितलंय. नात्यातली बाई, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली. आणि जिथे पडदे-बिडदे लावून खासगीपणा राखता येतो तिथे नवऱ्यालाही घेता येतं. खाजगीत ज्याचा त्याचा नियम. आत्ताच विचारा. कळा सुरू झाल्यावर दारात वाद घालणारे नवरे मी पुष्कळ पाहिले, त्यातून कुणाला आत घेतल्याचं पाहिलं नाही.

सासूबाई क्लासला हव्यात त्याचं दुसरं कारण बाळ आल्यानंतरचं आहे, आणि मला विचाराल तर तेच मोठं. सव्वा महिना सगळं त्यांच्या हातात असणार. पहिल्या तासात बाळाला छातीशी लावायचं आणि चीक पाजायचा. अजून घराघरांत तो पिवळा म्हणून पिळून टाकतात, अजून मध चाटवतात. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातल्या जंतूंनी लहान बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो. साखरपाणी नाही, बाळगुटी नाही, सहा महिने वरचं पाणीही नाही. पहिली आंघोळ २४ तासांनंतर. नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवली की आपली आपण पडते. काजळ नको. आणि शेगडी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून शेक देतात, तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी घ्या. धुरी बाळाच्या नाकाशी नेऊ नका.

हे सगळं सून किंवा लेक सांगायला गेली की भांडण होतं. "आम्ही काय पोरं मारली का?" हे ठरलेलं वाक्य. क्लासमध्ये परक्या बाईने, पांढऱ्या कोटात, बाहुली हातात घेऊन सांगितलं की तेच पटतं. माझ्या स्वतःच्या आईने माझं ऐकलं नव्हतं, मी सिस्टर असून. ५,५०० रुपयांतले चार हजार मी या एका कामाचे धरते.

डिंकाचे, हळिवाचे लाडू खुशाल द्या, बाळंतशोपा द्या. फक्त बाळंतिणीचं पाणी तोडू नका आणि भाज्या बंद करू नका. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस आहेत. लाडू आले म्हणून गोळ्या बंद, असं होतं.

गर्भसंस्काराबद्दल. ऐकून शांत वाटत असेल तर मंत्र ऐका, भावगीतं ऐका, बाळाला शेवटच्या तीन महिन्यांत आईचा आवाज ऐकू येतो हे खरंच आहे. पण सातव्यात आधीच झोप लागत नाही, त्यात पहाटे साडेपाचला उठवणारी योजना मला तरी पसंत नाही. गोरं बाळ देण्याची हमी ही थाप. आणि कुणी हळूच मुलगा होण्याचं काही सुचवलं तर तो गर्भलिंग निवडीवर बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याचा विषय आहे, तिथून उठून या.

शेवटी पैशाचं. ज्यांना ५,५०० परवडत नाहीत त्यांनी वाचा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते, तिथे हेच प्रश्न विचारता येतात. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधं, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. दवाखान्यातून घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळ बघायला येते. ती आली की चहा देऊन वाटेला लावू नका, बसवून विचारा.

अण्णा_६१

सिस्टर, आमच्या आईच्या आधीच्या दोन गेल्या होत्या, मुली. ते लिहायला हवं होतं. बाकी माझं पोस्टाचं म्हणणं कायम आहे.

श्टुटगार्टकर

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या जर्मनीत. आमची मुलगी इथेच झाली. सिस्टरांनी आईबद्दल लिहिलेलं वाचून राहवलं नाही.

इथे सरकारी विम्यात बाईला १४ तासांचा तयारीचा वर्ग मोफत असतो. नवऱ्याची फी बहुधा आपल्या खिशातून. वर्ग घेते ती हेबामे, म्हणजे शिकलेली, परवाना असलेली सुईण. तिचं इथे एवढं महत्त्व, की साधं बाळंतपण ती डॉक्टरशिवाय करू शकते, पण डॉक्टरने तिच्याशिवाय करायचं नाही, असा कायदाच आहे. बाळ झाल्यावर ती घरी येते, गरज पडली तर पहिले दहा दिवस रोज, आणि पुढे १२ आठवड्यांपर्यंत. कमतरता मात्र भयंकर. दिवस राहिल्याचं कळलं की आईच्या आधी हेबामेला फोन करतात इथले लोक.

माझी आई तीन महिन्यांसाठी आली होती, सामानात अर्धं वजन डिंकाचं. हेबामे पहिल्यांदा घरी आली तेव्हा आई पदर खोचून तयारच होती, हिला काय कळतंय अशा आविर्भावात. हेबामेने बाळाला एका हातावर पालथं घेतलं, दुसऱ्या हाताने पाठ धुतली. मी मराठीत सांगायच्या आत आई म्हणाली, "हात बरा आहे हिचा." त्या दिवसापासून त्या दोघींचं माझ्याशिवाय चालायचं. मध, काजळ यावरून आमच्याकडे वाद झालाच नाही, कारण मी किंवा बायकोने काही सांगितलंच नाही. तिनेच डोकं हलवून 'नाइन', म्हणजे 'नाही', म्हटलं. आई ते जर्मन कोल्हापुरात अजून वापरते.

पोवईनाका, एक नवरा म्हणून सांगतो. वर्गात आम्हा पुरुषांना एक प्रश्न दिला होता, पहिल्या दोन आठवड्यांत घरी येणाऱ्या पाहुण्यांना दारातून परत कोण पाठवणार? सगळे हसले. तुमच्या आईने अख्खी गल्ली बोलावल्याचं वाचून मला तोच प्रश्न आठवला.

पोवईनाका

सगळ्यांचे आभार. दोन दिवस दुकानात गिऱ्हाईक थांबवून वाचत होतो.

झालं असं. सिस्टरांचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. 'सिस्टर, करून टाका की सिझर' या वाक्याला ती एवढी हसली, की म्हणाली हे तर आत्ताच आईच्या आवाजात ऐकू आलं. मग त्या फिजिओथेरपिस्ट बाईंना फोन केला. सासूबाईंचं विचारल्यावर आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, आणा, दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी आणा, जादा पैसे नकोत, बाहुलीच्या आंघोळीचा भाग तेव्हाच ठेवते. प्रायोजक विचारला. कुणी नाही म्हणाल्या. सिझरला तास द्या म्हटलं तर म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मीराताई, तुमचं नाव माहीत नाही म्हणून सांगता आलं नाही.

सासूबाईंना वाटलं होतं तेवढी समजूत घालावी लागली नाही. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, त्यामुळे त्यांना साताऱ्याला यायला निमित्तच हवं असतं. खरी अडचण आता आमच्या आईची झाली. विहीणबाई क्लासला येणार म्हटल्यावर तीही येणार म्हणते. "माझ्या नातवंडाचं त्यांना कळणार आणि मला नाही?" तिघांच्या बाळंतपणाचा अनुभव एका रात्रीत कुठे गेला ते विचारलं नाही. बाईंना दोन आज्या चालतील का हे विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

कराडच्या डॉक्टरांशीही बोललो. एक माणूस आत चालेल म्हणाले, आई किंवा नवरा, अदलाबदल केली तरी हरकत नाही, पण दोघं एकदम नाही. भूलतज्ज्ञांबद्दल विचारलं, ते बोलावून येतात, वीस मिनिटांत.

आता एकच विचारतो. पिशवी कधी भरायची आणि त्यात काय टाकायचं? यूट्यूबवर बघितलं तर तीन बॅगा होतायत, माझ्या दुकानात एवढा माल नाही.

मीरा_कोथरूड

दोन्ही आज्यांना न्या! फक्त एकीच्या हातात बाहुली आणि दुसरीच्या हातात टॉवेल द्या, नाहीतर बाहुलीचे हाल होतील.

पिशवीत फोनचा लांब वायरचा चार्जर टाका, वॉर्डात प्लग कायम पलंगाच्या डोक्यामागे असतो. बायकोसाठी पुढून उघडणारे दोन गाऊन, कमरेच्या वरपर्यंत येणाऱ्या सैल चड्ड्या (सिझर झालं तर टाक्यांवर इलॅस्टिक येत नाही), आणि स्वतःसाठी बिस्किटं. माझा नवरा उपाशी राहून चिडचिडा झाला होता, त्याचंच सांत्वन मला करावं लागलं.

निवृत्त_सिस्टर

पिशवी ३६ आठवड्यांना भरून दाराशी ठेवा. वर फाईल, आत नाही. फाईलमध्ये सगळ्या सोनोग्राफ्या, रक्ताचे रिपोर्ट, माता-बाल कार्ड, दोघांचं आधार. पहिल्या पानावर तिचा रक्तगट आणि कसली अ‍ॅलर्जी असेल तर ती लाल पेनने. रक्तगट निगेटिव्ह असेल तर कराडच्या डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा, तिथे फाईल नवी असणार आणि असल्या गोष्टी जुन्या फाईलमध्ये राहून जातात. बाळाला धुतलेली जुनी सुती दुपटी न्या, नवीकोरी नकोत, आणि टोपडं, पायमोजे, चार झबली. बाटली आणि पावडरचा डबा नेऊ नका. बाळंतिणीसाठी मोठे पॅड जास्तीचे घ्या. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं तर ते नेहमीचं नव्हे, लगेच सिस्टरला हाक मारायची, हे सासूबाईंना त्या दुसऱ्या रविवारी नक्की विचारून घ्यायला सांगा.

आणि घरी आल्यावर पोरगी दोन आठवडे उलटूनही रडत राहिली, झोप येत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही असं म्हणाली, तर 'बाळंतपणात होतंच असं' म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६ ला फोन लावा, तो मानसिक आरोग्याचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात. हे क्लासमध्ये फारसं सांगत नाहीत. तुम्ही विचारा.

दोन आज्या येऊ द्यात. बाईंशी मी बोलू का?